विजेची वाट आणि वाटेचें भाडें

१८५४ सालीं हिंदुस्थानांतील टपालखात्यानें एक नवा नियम घालून दिला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा. मग तें पत्र शेजारच्या गांवीं जावो, नाहीं तर शेंकडों कोसांवरील पेशावरास जावो. त्यापूर्वीं पत्राचें हशील अंतरावर अवलंबून असे. इंग्लंडांत हीच सुधारणा १८४० सालीं रोलंड हिल ह्यांच्या आग्रहानें झाली होती, आणि त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता. पत्राचा खरा खर्च तें गोळा करण्यांत, हिशेब ठेवण्यांत व वांटण्यांत होतो. तेंच पत्र गाडींतून आणखी शंभर मैल नेण्यांत जवळ जवळ कांहींच खर्च होत नाहीं, असें ते म्हणत. ही समान हशिलाची पद्धति आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तींत कोणावर अन्याय होत असेल अशी शंकाही आपल्या मनास शिवत नाहीं.

परंतु जी वस्तु पिशवींत भरून ठेवतां येत नाहीं, जिची वाट ठराविक रुंदीची आहे, आणि जिच्या वाटेवर फाजील गर्दी झाल्यास अर्धा देश अंधारांत बुडूं शकतो, त्या वस्तूलाही हाच न्याय लावावा काय? ही वस्तु म्हणजे वीज. तिच्या वाटेचें भाडें कोणी व कोणत्या मापानें द्यावें, हा वाद जगांतील पुष्कळ देशांत चालू आहे, आणि आपल्याकडे तो नागपूरजवळच्या हिंगण्यास विशेष टोंचतो.

हिंगणा हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नागपुराहून तिकडे निघालें कीं वाटेंतच मोठी औद्योगिक वसाहत लागते. नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा हीं औष्णिक वीजकेंद्रें आहेत, दक्षिणेस चंद्रपूरचें. कोराडीस ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. चंद्रपूरची एकूण शक्ति २९०० मेगावॅटांहून अधिक आहे. म्हणजे हिंगणा हें विजेच्या उगमाशींच वसलेलें म्हटलें तरी चालेल. तेथें यंत्रांचे सुटे भाग तयार करणारा आमचा एक भाचा आहे. तो गेल्या दिवाळींत बिलांचा कागद पुढें करून म्हणाला, "मामा, कोराडी माझ्या दारापासून दहा कोसही नाहीं. असें असतां उंच तारांचें भाडें मी कोल्हापूरच्या कारखानदाराइतकेंच कां म्हणून द्यावें? त्याच्याकडे वीज सारा महाराष्ट्र ओलांडून जाते." प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र तितकें सरळ नाहीं.

प्रथम हें भाडें बिलांत कोठें असतें तें पाहूं. घरगुती बिलावर 'वहन आकार' अशी एक बाब छापलेली असते, व ती पाहून पुष्कळांचा समज होतो कीं, हेंच माळावरच्या उंच मनोऱ्यांचें भाडें. तें तसें नाहीं. वहन आकार हा गांवांतील खांब, रोहित्रें आणि गल्लीबोळांतील तारा ह्यांचा आहे. मनोऱ्यांचें भाडें वितरण कंपनी परस्पर भरते व आपल्या दरांत मिसळून तुमच्याआमच्याकडून घेते. त्याची वेगळी ओळ आपणांस कोठेंच दिसत नाहीं. २००५ च्या जून महिन्यांत राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन वीज निर्माण करणारी, उंच तारांवरून नेणारी आणि घरोघर पोंचविणारी अशा कंपन्या निराळ्या झाल्या, आणि मग ह्या भाड्याचा हिशेब मांडणें प्राप्तच झालें. २००६ सालीं महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें त्याची चौकट आंखली. राज्यांतील सर्व पारेषण-मार्गांचा वर्षाचा खर्च एकत्र करावयाचा, आणि ऐन गर्दीच्या वेळीं ज्या वितरण कंपनीची मागणी जेवढी, तेवढा वांटा तिनें उचलावयाचा, असें तिचें स्वरूप. मैलांचा तींत संबंध नाहीं. ह्या शास्त्रांतील जाणते लोक ह्या रीतीस टपालाच्या तिकिटाची पद्धति असेंच म्हणतात.

भाच्याचें दुखणें ह्याहून थोडें पुढचें आहे. २००३ च्या वीज कायद्यानें, एक मेगावॅट वा अधिक वीज लागणाऱ्या ग्राहकास वितरण कंपनीस वगळून बाहेरून वीज विकत घेण्याची मोकळीक मिळाली. बाजारांत युनिटाचा भाव तीन रुपये झाल्याचें वाचलें म्हणजे कारखानदाराच्या तोंडास पाणी सुटणें स्वाभाविक आहे. पण त्या तीन रुपयांवर आंतरराज्य मार्गाचें भाडें चढतें, राज्यांतील मार्गाचें चढतें, भारप्रेषण केंद्राची फी, वितरणाचा आकार, आणि शेवटीं एक अधिभार. मोठा ग्राहक निघून गेला तर गरीब ग्राहकाच्या स्वस्त दराचा भार उचलणार कोण, म्हणून हा अधिभार घेतला जातो. शिवाय वाटेंत तारा तापून कांहीं वीज वायां जाते; राज्याच्या उंच तारांत ती शेंकडा तीनच्या आसपास असते, व तेवढी जास्त विकत घ्यावी लागते. स्वस्त वीज दारांत येईपर्यंत अशी महाग होते.

आतां विजेच्या स्वभावाकडे वळूं. वीज कोणाचा पत्ता वाचीत नाहीं. छत्तीसगडच्या केंद्रानें विकलेली वीज पुण्याच्या कारखान्यानें घेतली, म्हणून ती कांहीं रायपुराहून निघून नेमकी पुण्यास उतरते असें नाहीं. उगमाकडून गरजेकडे जेवढ्या वाटा मोकळ्या असतील तेवढ्या सर्वांनीं ती एकदम वाहते. ज्या वाटेंत अडथळा कमी तींतून अधिक, जास्त अडथळ्याच्या वाटेंतून कमी. करार मुंबईच्या कचेरींत होतो; प्रवाह पदार्थविज्ञानाच्या नियमानें जातो; दोहोंची गांठ पडतेच असें नाहीं. ह्या दृष्टीनें पाहतां भाच्याचें म्हणणें पुष्कळ खरें आहे. त्यानें वीज कोणाकडूनही विकत घेवो, त्याच्या यंत्रांत फिरणारा प्रवाह बहुधा कोराडी-खापरखेड्याकडचाच असणार.

दुसरी गोष्ट तारेच्या मर्यादेची. तारेंतून वीज जास्त गेली कीं तार तापते, तापली कीं लांबते आणि दोन मनोऱ्यांमध्यें झोल घेऊन खालीं येते. नागपूरच्या वैशाखांत, पारा ४५ अंशांवर असतां, हीच तार हिवाळ्याइतका भार सोसूं शकत नाहीं. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघर वाळ्याच्या टट्ट्यांचे कूलर आणि वातानुकूलन यंत्रें अहोरात्र चालत असतात. लांब पल्ल्याच्या तारांस उष्णतेआधींच दुसऱ्या मर्यादा आड येतात. दूरच्या टोंकास दाब घसरतो, किंवा दोन टोंकांकडील यंत्रांचा ताल सुटण्याची भीति असते. शिवाय एखादी वाट अकस्मात् बंद पडल्यास तिचा भार शेजारच्या वाटांना सोसवला पाहिजे, म्हणून प्रत्येक वाटेवर कांहीं जागा मुद्दाम रिकामी ठेवावी लागते. भारप्रेषण केंद्रांतील अधिकारी सर्व क्षमतेंतून ही राखीव जागा वजा करितात, आणि उरेल तेवढीच बाजारास देतात.

ही काळजी न घेतल्यास काय होतें तें २०१२ च्या जुलै महिन्यांत साऱ्या जगानें पाहिलें. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणारा मुख्य मार्ग बिना-ग्वाल्हेर-आग्रा असा होता, व सुधारणेच्या कामासाठीं त्याचा कांहीं भाग बंद होता. उरलेल्या वाटेवर उत्तरेंतील राज्यें ठरल्यापेक्षां अधिक वीज ओढीत राहिलीं. ३० जुलैच्या रात्रीं अडीचच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर तार बंद पडली. ती तुटली नव्हती, तिच्यावर झाड पडलें नव्हतें. संरक्षक यंत्रानें अतिभारालाच बिघाड समजून तिला तोडलें. उत्तर हिंदुस्थान अंधारांत गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तेंच घडलें, आणि ह्या वेळीं पूर्व व ईशान्य भागही त्यांत सांपडले. साठ कोटींहून अधिक वस्तीचा तो प्रदेश होता. पश्चिमेचें जाळें, म्हणजे आपलें, त्यांतून सुटलें. हिंगण्याच्या वसाहतींतील यंत्रें त्या दोन दिवसांत चालू होतीं तीं ह्यामुळेंच.

गर्दी आवरण्याचा एक मार्ग हुकुमाचा. तो बाजारास मानवत नाहीं. दुसरा मार्ग भावाचा. आपल्याकडे २००८ सालीं विजेचे दोन बाजार निघाले, २०२२ सालीं तिसरा निघाला. बहुतेक वीज आजही दीर्घ मुदतीच्या करारांनींच विकली जाते. बाजारांत येते ती थोडी, पण तिच्या भावावर सर्वांचें लक्ष असतें. उद्यांच्या दिवसाचे पाव-पाव तासाचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठीं विकणारे व घेणारे आज आपापले आंकडे बंद लखोट्यांतल्याप्रमाणें कळवितात. जेथें दोहोंचें जुळतें तो त्या पाव तासाचा भाव, आणि तो सर्वांस एकच. मात्र हा भाव काढतांना तारा जणू अमर्याद रुंदीच्या आहेत असें धरलेलें असतें. मग ठरलेली वीज खरोखर जाऊं शकेल काय, हें ताडून पाहतात. जागा पुरली तर प्रश्न मिटला. न पुरली तर बाजार तेथेंच चिरला जातो, व चिरेच्या दोन्ही बाजूंस निराळे भाव लागतात.

कल्पित आंकडे घेऊन हें पाहूं. पूर्वेकडे ३ रुपये दराची वीज मुबलक आहे. दक्षिणेस ८०० मेगावॅट पाहिजे, पण मधल्या वाटेंत जागा ५०० मेगावॅटचीच. उरलेल्या ३०० साठीं दक्षिणेंतलेंच ७ रुपयांचें महाग केंद्र चालवावें लागतें, आणि जो भाव शेवटच्या युनिटाचा तोच त्या विभागांतील सर्वांचा. म्हणजे पूर्वेस ३, दक्षिणेस ७. एका तासांत वाटेनें गेलेले ५ लाख युनिट विकणाऱ्यानें ३ रुपयांनीं दिले आणि घेणाऱ्यानें ७ रुपयांनीं घेतले. मधले २० लाख रुपये कोणाचे? बाजारवाल्याचे नव्हेत, तारेच्या मालकाचेही नव्हेत. २०१० च्या नियमांप्रमाणें ही रक्कम वीजप्रणाली विकास निधींत जाते, आणि त्या निधीचा उपयोग जाळें बळकट करण्यासाठीं व्हावयाचा असतो. आमच्या मतें साऱ्या व्यवस्थेंतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. अडचणीचा नफा ज्याच्या पदरांत पडतो तो अडचण दूर करण्यास सहसा उत्सुक नसतो; तो कोणाच्याच पदरांत पडूं न देणें हें बरें.

हें उदाहरण कल्पित असलें तरी हकीकत खरी आहे, आणि तिच्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. २००३ च्या मार्चमध्यें पश्चिमेचें जाळें पूर्वेच्या जाळ्याशीं एकतालांत जोडलें गेलें, २००६ च्या ऑगस्टांत उत्तरेचें. दक्षिण मात्र वेगळी राहिली. चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीसारख्या दोन-चार ठिकाणांहून, प्रवाहाचें रूप पालटून, मोजकी वीज तिकडे जाई. त्यांतही पहिला हक्क जुन्या करारांचा, आणि बाजारासाठीं उरे ती उष्टीखरकटी जागा. २०१२-१३ च्या सुमारास तामिळनाडूंत विजेचा दुष्काळ असतां बाजारांत दक्षिणेचा भाव इतर देशाच्या दुप्पट, केव्हां केव्हां त्याहूनही अधिक चढे. छत्तीसगडांत वीज घेणारा मिळत नसे, आणि चेन्नईस वीज मिळत नसे. ३१ डिसेंबर १९१३ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ च्या शेवटच्या दिवशीं, सोलापूर ते रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची, सुमारें २०८ किलोमीटरांची तार चालू झाली, आणि साऱ्या देशाचा ताल एक झाला. एका तारेनें लगेच भाव उतरले असें मात्र नाहीं. दुसरी तार २०१४ सालीं आली, पुढें वर्ध्याहून निझामाबादेकडे वाट झाली, २०२१ सालीं छत्तीसगडांतील रायगडाहून तामिळनाडूंतील पुगळूरपर्यंत ६००० मेगावॅटचा प्रचंड मार्ग खुला झाला. मग उत्तर-दक्षिणेचे भाव बहुतेक दिवस एक होऊं लागले. (ह्या बाजाराच्या नकाशांत देशाचे तेरा विभाग कल्पिलेले आहेत, आपण गुजराताबरोबर एका विभागांत आहों. उत्तर गोवाही आपल्यांत आहे, परंतु दक्षिण गोवा कर्नाटक-आंध्राच्या विभागांत घातला आहे. एवढ्याशा गोमंतकाचे विजेनें असे दोन तुकडे केले!)

राज्याराज्यांमधील मार्गांचें भाडें ठरवितांना मात्र तिकिटाची पद्धति टिकली नाहीं. २००६ च्या राष्ट्रीय धोरणानें सांगितलें कीं, हें भाडें अंतर, दिशा आणि प्रवाहाचें प्रमाण ह्यांना धरून असावें. त्याप्रमाणें २०११ च्या जुलैपासून कोणत्या ठिकाणीं वीज आंत येते व कोठें बाहेर पडते ह्यावरून दर काढूं लागले. २०२० च्या नियमांनीं त्यांत पुन्हां फेरफार होऊन खर्चाचा कांहीं भाग सर्व देशाचा, कांहीं त्या त्या प्रदेशाचा व कांहीं प्रत्यक्ष वापराचा अशी वांटणी झाली. म्हणजे एकाच विजेस राज्याबाहेर एक न्याय आणि राज्यांत दुसरा.

ह्या बाबतींत इंग्लंडचें उदाहरण पाहण्यासारखें आहे, कारण तेथें विदर्भाच्या जागीं स्कॉटलंड आहे. वारा उत्तरेस, गिरण्या व शहरें दक्षिणेस, आणि मधल्या तारा अपुऱ्या. वारा जोरांत असला कीं स्कॉटलंडमधील पवनचक्क्यांना पैसे देऊन थांबवावें लागतें आणि त्याच वेळीं दक्षिणेंत महाग गॅस जाळावा लागतो. म्हणून देशाचे विभाग पाडून निरनिराळे भाव लावावे, असा विचार तेथें पुष्कळ दिवस चालला होता. तसें केल्यास स्कॉटलंडला वीज स्वस्त पडली असती. २०२५ च्या जुलैमध्यें सरकारनें तो बेत सोडून दिला व सर्व देशांत एकच भाव कायम ठेवला. एकाच देशांत राहणाऱ्यानें केवळ आपल्या पत्त्यामुळें जास्त पैसे कां द्यावे, हा आक्षेप जड ठरला. ज्या देशानें समान टपालहशील प्रथम आणलें त्यानें शेवटीं तिकीटच पसंत केलें! उलट नॉर्वे-स्वीडननें विभागवार भाव पत्करले आहेत, आणि अमेरिकेच्या पूर्व भागांतील एका मोठ्या बाजारानें १९९८ पासून तारांच्या प्रत्येक सांध्याला वेगळा भाव लावला आहे.

मग हिंगण्याच्या भाच्यास काय सांगावें? आम्हीं त्यास असें सांगितलें, "अरे, मैलांवर भांडूं नकोस, गर्दीवर भांड." हिलसाहेबांचा मुद्दा येथेंही लागू आहे. तार एकदां उभी झाली व तींत जागा असली, तर आणखी थोडी वीज दूर नेण्यास त्या गळतीवांचून खर्च कसला? खर्च येतो तो वाट भरल्यावर; मग नवे मनोरे, नवी जमीन, शेतकऱ्यांचा मोबदला, आणि तेंही होईतों महागाचें केंद्र. तेव्हां भाडें मोजावयाचें तें कोसांचें नव्हे, तर भरलेल्या तासाचें. दुसरें असें कीं, कोराडी नेहमींच जवळची राहत नाहीं. तिचे संच दुरुस्तीसाठीं थांबतात तेव्हां हिंगण्याचीं यंत्रें ज्या तारांवर चालतात, त्या तारा दूरवरून आलेल्या असतात. माहेर जवळ आहे म्हणून कोणी सासरच्या विहिरीची वर्गणी चुकवीत नाहीं. शिवाय हल्लीं माध्यान्हीं राजस्थान-गुजरातेंतील सौरवीज इतकी येते कीं, प्रवाहाची दिशाच फिरते. दिवेलागणीस ती पुन्हां उलटते. सकाळचा जवळचा ग्राहक दुपारीं दूरचा ठरतो.

तरीही त्याच्या तक्रारींत एक अंश उरतोच, आणि तो आम्ही त्यास कबूल केला. चंद्रपुराहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरांची, १५०० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची तार १९९९ सालीं बांधावी लागली, ती हिंगण्यासाठीं नव्हे. तिचा खर्च सर्वांच्या डब्यांत गेला. नवा मोठा कारखाना कोठें काढावा ह्याचा विचार करणाऱ्या भांडवलवाल्यास मनोऱ्यांचें भाडें नागपुरास आणि तळोज्यास सारखेंच दिसत असेल, तर तो गर्दीच्या टोंकास जाऊन आणखी गर्दी करील, व त्यापायीं उभारलेल्या तारेची वर्गणी हिंगणा भरील. घरांतल्या दिव्याला तिकिटाचा दर असूं द्यावा. नव्यानें येणाऱ्या मोठ्या ग्राहकास तरी जागेजागेचा निराळा दर दाखवावा, असें आमचें मत आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रांतील उद्योगांना वीजदरांत सवलत सुरू केली, परंतु ती खजिन्यांतून दिलेली होती. भाड्याचा हिशेब तिनें बदलला नाहीं.

सवलतीवरून आणखी एक गोष्ट आठवते. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या पुष्कळशा सौर व पवन केंद्रांच्या विजेस आंतरराज्य भाडें माफ आहे. त्यानंतरच्यांस तें टप्प्याटप्प्यानें लागूं होतें. हेतु चांगला होता. परंतु माफ झालेलें भाडें नाहींसें होत नाहीं. मनोऱ्यांचें कर्ज फेडावें लागतेंच, आणि तो वांटा इतर वापरणाऱ्यांवर पडतो.

आणि राख? नागपूर-चंद्रपूर भागांत लोक विजेबद्दल बोलूं लागले कीं तारांच्या आधीं राखेचें नांव निघतें. २०२२ च्या जुलैमध्यें कोराडीजवळच्या खसाळा येथील राखतळ्याचा बांध फुटून राखेचें पाणी शेतांत व ओढ्यांत शिरलें. हें नुकसान खरें आहे, आणि भाचा तें तारांच्या भाड्यांतून वसूल करूं पाहत होता. तें दार त्याचें नव्हे. राखेची व्यवस्था हा वीज निर्माण करण्याचा खर्च आहे. तो जिच्या तिच्या युनिटाच्या किंमतींत चढला पाहिजे, म्हणजे मुंबईचा ग्राहकही तो भरील. दर ठरण्यापूर्वीं कंपनीस आपला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, आणि २००३ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणें त्यावर लोकांच्या सूचना व हरकती आयोगास विचारांत घ्याव्या लागतात. घरगुती ग्राहकासही ती मोकळीक आहे. भाच्यानें दोन हरकती वेगवेगळ्या कागदांवर लिहावयास घेतल्या आहेत, एक वाटेच्या भाड्याची आणि दुसरी राखेची.